चोळण्या-शेकण्याच्या पुढची विद्या

श्रोतेहो, रावेरच्या बाजूला केळीची कापणी सुरू झाली, की मजूर डोक्या-खांद्यावर घड वाहून बागेबाहेर आणतात. मग कंबर धरते, खांदा वर उचलत नाही. आपण काय करतो? तेल लावून चोळतो, विटेने शेकतो, फार तर हाडवैद्य गाठतो. त्याने बरे वाटतेही. पण चार दिवस बरे वाटणे निराळे आणि सांधा पुन्हा कामाला लागणे निराळे. हे दुसरे काम साधणारी विद्या म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी. ती आपल्याकडे आली कशी?

इंग्लंडातही तिचा आरंभ चोळण्यातूनच झाला. १८९४ मध्ये चार परिचारिकांनी शिक्षण घेऊन मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. पुढे पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांचे हातपाय चालते करण्याचे काम आले, आणि रुग्णाकडूनच हालचाल करवून घेण्याचे महत्त्व वाढले.

आपल्याकडे हे काम पुढे आणले ते पोलिओने. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला हा रोग झाला. मद्रासचे डॉ. किणी यांच्या उपचारांचा गुण त्यांनी पाहिला. मग आपल्या मुलीपुरते न पाहता १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना उघडला. १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी मुंबईत व्यवसायोपचाराची शाळा काढली. रोजची कामे पुन्हा करता यावीत, म्हणून दिले जाणारे हे शिक्षण. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली.

हे सारे मुंबईत. भारतातला पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. तो रोग गेला. परंतु झिजलेले गुडघे, पक्षाघात, प्लास्टर काढल्यावर आखडलेला हात, हे काही गेले नाहीत. आणि सुई एकदा टोचून घेतली, असे या उपचाराचे नाही. दिवसाआड, कधी कित्येक आठवडे जावे लागते. प्रत्येक खेपेला गाडीभाडे पडते आणि रोजही बुडतो. म्हणून तो अर्ध्यावर सुटतो.

ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली. २०१० मध्ये वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ता आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरभेट, अशी तरतूद त्यात आहे. कागदावरची तरतूद विचारणारा आला तरच जागी होते. म्हणून रावेरच्या ग्रामीण रुग्णालयात, जळगावच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. उपचार करणारा नोंदणी झालेला आहे ना, हेही पाहा. त्यासाठी महाराष्ट्रात २००२ चा कायदा आहे.

पहिल्याच भेटीत व्यायाम नीट शिकून घ्या, समोर करून दाखवा, किती वेळा करायचे ते लिहून घ्या. खेपा कमी करण्याचा हाच खरा मार्ग. मात्र पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायामात वेळ न घालवता तत्काळ डॉक्टर गाठा.

शिक्षक बंधुभगिनींनो, एखादे मूल लंगडत असेल, त्याचा हात वर जात नसेल, तर पालकांना लवकर सांगा. वाढत्या वयात केलेला उपचार अधिक गुणकारी ठरतो. एका आईने ते ओळखले, म्हणून कितीतरी मुले चालू लागली.