तसबिरींच्या चौकटी व त्यांतील द्रव्यें

जुने कागद, पोथ्या, सनदा व चित्रें यांचा शोध कसा करावा, त्यांचें वाचन कसें करावें आणि त्यांचा काल कसा ठरवावा, याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लेखन झालेलें आहे. परंतु असा एखादा कागद हातीं लागल्यावर तो कांचेखालीं बसवून भिंतीवर टांगण्याची जी सर्वसामान्य चाल आहे, तिचा विचार क्वचितच केला जातो. चौकट ही शोभेची वस्तु, असें समजून संग्राहक तें काम बाजारांतील कारागिरावर सोंपवितात. वस्तुतः चौकटींतील फळी, पुठ्ठा, खळ व खिळा हीं चारही वर्षानुवर्षें कागदाच्या शेजारीं राहतात आणि त्याचें आयुष्य वाढवितात किंवा खुंटवितात. अलीकडे या धंद्यांत पृथ्वीवरील साधनांची उधळपट्टी होऊं नये अशा रीतीनें काम करावें, असा विचार पुढें आला आहे. हा विचार आणि जुन्या कागदाचें हित हीं दोन्ही बहुतांशीं एकाच नियमानें बांधलेलीं आहेत, एवढें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

आपली पोथी ही मूळची चौकटीशिवायची वस्तु. सुटीं पानें, वर व खालीं एकेक लांकडी फळी आणि भोंवतीं कापडाचा रुमाल, एवढाच तिचा सरंजाम. कसर लागूं नये म्हणून रुमालांत वेखंड अथवा निंबाचा पाला ठेवीत. फळी मोडली तर दुसरी घालावी, रुमाल फाटला तर नवा बांधावा. पानांस धक्का लागण्याचें कारण नाहीं. तेल, पाणी व सैल बंधन यांपासून ग्रंथ राखावा, अशी विनवणी कित्येक पोथ्यांच्या शेवटीं लेखकांनीं लिहून ठेविलेली आढळते. बंधन घट्ट असावें, पण तें गांठीचें असावें, म्हणजे केव्हांहि सोडतां यावें, हें त्या परंपरेंत गृहीतच होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही स्थिति पालटली. पुण्यांत १८७८ सालीं चित्रशाळा निघाली. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईस घाटकोपर येथें सुरू झाला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. देवदेवतांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं छापील चित्रें घरोघर पोंचलीं आणि त्यांबरोबर कांच व चौकटहि आली. त्या पिढीच्या चौकटी उघडून पाहिल्या असतां मागें बहुधा देवदारी खोक्याची फळी, तिच्यावर जुनें वर्तमानपत्र, कडांना खळीनें लावलेली कागदाची पट्टी आणि बारीक खिळे आढळतात. काटकसरीच्या दृष्टीनें या पद्धतीस नांव ठेवण्यास जागा नाहीं. खोकें, वर्तमानपत्र, उरलें पीठ, यांतील कांहींच फुकट गेलें नाहीं. संशोधकास तर तें वर्तमानपत्र विशेष उपकारक होय. कारण त्यावरील तारखेच्या आधींची ती बांधणी नव्हे, इतकें त्यावरून निश्चित ठरतें.

परंतु काटकसर निर्दोष असली तरी द्रव्यें निर्दोष नव्हतीं. जुन्नर, दौलताबाद इत्यादि ठिकाणचा जुना कागद चिंध्या व तागासारखे तंतु कुटून होत असे, म्हणून तो टिकला. जर्मनींत १८०७ सालीं मोरिट्झ इलिग यानें शाई फुटूं नये म्हणून कागदांत तुरटी व राळ मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १८४४ च्या सुमारास फ्रीड्रिख केलर यानें लांकूड दगडावर घासून त्याचा लगदा काढण्याची युक्ति शोधली. कागद स्वस्त झाला, पण तुरटीमुळें त्यांत आम्ल उत्पन्न होऊं लागलें, आणि लगद्यांतील काष्ठद्रव्य उजेडानें व हवेनें पिवळें पडून त्या आम्लांत भर टाकूं लागलें. हें आम्ल शेजारच्या चांगल्या कागदांतहि उतरतें. जुन्या चित्रांच्या पाठीवर फळीच्या गांठीचा तपकिरी ठसा उठलेला, किंवा पुठ्ठ्याच्या खिडकीच्या कडेनें सरळ तपकिरी रेघ पडलेली दिसते, ती यामुळेंच. यावरून पहिला विवेक असा निघतो कीं, पुनः वापरलेली वस्तु चौकटीच्या बाहेरील अंगास शोभते. कागदास स्पर्श करणारा थर मात्र निर्मळच असला पाहिजे. रद्दीपासून केलेला पुठ्ठा कितीहि पुण्यप्रद वाटला तरी तो सनदेच्या पाठीशीं लावूं नये.

आतां चिकटविण्याच्या द्रव्यांकडे वळूं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय दिला आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, सालईचें बीज, धामणीची साल व वेखंड यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा आणि त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादि मिसळावीं, असा त्यांतील एक प्रकार आहे. हा लेप देवालयें, मूर्ति, भिंती व विहिरी यांसाठीं सांगितला आहे, आणि तेथें तो युक्तच आहे. पण दगडाला जें भूषण तें कागदाला मरण. कागदाची खळ कागदाहून दुबळी असली पाहिजे, म्हणजे ताण पडला असतां आधीं खळ सुटते व कागद वांचतो. आपल्या घरीं कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, त्याच जातीचें परंतु अधिक धुतलेलें गव्हाचें सत्त्व शिजवून केलेली खळ आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत वापरतात. ती पाण्यानें सुटते, हाच तिचा गुण. सबंध पाठीला ती न फांसतां जपानी कोझो कागदाच्या दोन लहान पट्ट्यांनीं चित्र वरच्या कडेस अडकवितात. सबंध पाठ चिकटविण्यानें होणारी हानि आपल्या वाचकांस निराळी सांगावयास नको. जुन्या पत्रांच्या पाठीवरील शेरे आणि जोडांवर उठविलेले शिक्के एकदां फळीशीं चिकटले कीं पुरावाच बुजला.

जुनें तेवढें निरुपद्रवी, असा समजहि धरूं नये. खळीस कीड लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालण्याची चाल पुस्तकें बांधणारांत होती; त्यांतील तांब्याचा अंश कागदाचा नाश लवकर घडवून आणतो. चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं पोथीलेखक हरताळ लावीत, आणि त्यावरूनच 'हरताळ फांसणें' हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत रूढ झाला; पण हरताळ हें सोमलाच्या वर्गांतील विष आहे. असें पान चौकटींत बसवितांना कोरड्या कुंच्यानें झाडूं नये आणि ती धूळ श्वासांत जाऊं देऊं नये.

लांकडाचा प्रश्न याहून व्यापक आहे. आग्नेय आशियांतील दलदलीच्या जंगलांत होणारें रामीन नांवाचें फिक्या रंगाचें, सरळ धाग्याचें लांकूड चौकटीच्या पट्ट्या, सामानसुमान इत्यादींसाठीं इतकें तोडलें गेलें कीं, २००१ सालीं इंडोनेशियानें त्याच्या व्यापारावर निर्बंध घातले, आणि २००४ सालीं वन्य जातींच्या व्यापाराविषयींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत त्याचा समावेश करण्याचें ठरलें. आपल्या शिसवीच्या सबंध वर्गासहि २०१७ सालापासून तोच नियम लागू झाला. अशा स्थितींत आजोबांच्या वेळची सागवानी किंवा शिसवी चौकट जळणांत टाकणें हा केवळ अविचार होय. ती स्वच्छ करून, सांधे पुनः सरसानें जोडून व चपड्याचा हात देऊन आणखी एक पिढी सहज चालते. सरस ओलाव्यानें व उष्णतेनें सुटतो, चपडा स्पिरिटांत विरघळतो; दोहोंची दुरुस्ती होऊं शकते.

याच्या उलट नवीं द्रव्यें पाहावीं. लांकडाचा भुगा व कृत्रिम राळ दाबून केलेले तक्ते स्वस्त पडतात, परंतु त्यांतून फॉर्माल्डिहाइड वायु निघत राहतो आणि बंद चौकटींत तो कागदास व छायाचित्रांस बाधतो. अमेरिकेंत विल्यम बॅरो यानें १९३० नंतरच्या दशकांत जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यांत घालून उष्णतेनें दाबण्याची पद्धति चालू केली. पुढें तो पापुद्राच बिघडतो व काढतां काढतां कागद जातो असा अनुभव आल्यावर ती मागें पडली. बाजारांतील दुकानीं प्लास्टिकांत कागद गरम दाबून देतात, तो त्याच जातीचा व अधिक अविचारी प्रकार होय. असा कागद पुनः मोकळा होत नाहीं, आणि तें प्लास्टिक मातींतहि जिरत नाहीं.

व्यवहारांत पुढीलप्रमाणें वागावें. चौकट व कांच शक्य तोंवर जुनीच ठेवावी. मागची फळी व वर्तमानपत्र टाकून न देतां, त्यांवरील खुणा उतरून घेऊन, तीं निराळ्या पाकिटांत जपावीं. कागदाच्या पुढें व मागें कापसाच्या चिंध्यांचा आम्लरहित पुठ्ठा घालावा. कांच कागदास टेकूं देऊं नये. पावसाळ्यांत टेकलेल्या जागीं बुरशी धरते. खळ साधी असावी, मोरचूद नसावें. आणि ज्या कागदाच्या पाठीवर मजकूर आहे, तो टांगूंच नये. त्याची प्रतिकृति टांगावी व मूळ कागद रुमालांत ठेवावा.

जें सोडतां येतें तेंच पुनः वापरतां येतें, आणि जें सोडतां येतें तेंच पुनः तपासतांहि येतें. जंगल राखूं पाहणारास यांतील पहिलें वचन पुरे आहे, व इतिहासाच्या अभ्यासकास दुसरें. ज्या घराण्यांत एकच सनद किंवा एकच पूर्वजाचें चित्र उरलें आहे, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट आपल्या सभासदांनीं पोंचवावी. तेथें ती वस्तु बहुधा पुढच्या दिवाळीच्या रंगसफेदीस खालीं उतरेल आणि नव्या चौकटीसाठीं दुकानीं जाईल; सांगावयाचें तें त्यापूर्वीं सांगितलें पाहिजे.