नाणं कुठं आहे?

९ सप्टेंबर १९२९. जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सभेपुढे जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह स्ट्रेझेमान बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती. चारच दिवस आधी फ्रान्सच्या ब्रियाँनी याच सभेत युरोपीय राष्ट्रांच्या संघाची कल्पना मांडली होती. ब्रियाँ मुळात वक्ते. स्ट्रेझेमाननी मात्र थेट व्यवहाराचा प्रश्न विचारला: युरोपचं नाणं कुठं आहे? युरोपचं टपाल तिकीट कुठं आहे?

महायुद्धानंतर युरोपात नवे देश झाले, तशा नव्या सरहद्दी आणि नवी जकात नाकीही आली. बर्लिनमधल्या बिअर विक्रेत्याच्या या मुलाने डॉक्टरेट केली होती तीही बाटलीबंद बिअरच्या धंद्यावर! नाक्यावर अडकलेल्या मालाची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांना शांतिदूत म्हणून मखरात बसवण्यात अर्थ नाही. पश्चिमेची सरहद्द त्यांनी १९२५ च्या लोकार्नो करारात मान्य केली. पोलंडलगतची कधीच नाही. एकत्र बाजारपेठ हवी आणि पूर्वेचा दावाही सोडायचा नाही, अशी ही भूमिका. शेजाऱ्यांना तिची धास्ती वाटली तर नवल नाही.

३ ऑक्टोबरला, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते गेले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जो तो देश जकात वाढवत सुटला. १९३३ च्या ऑक्टोबरात हिटलरच्या जर्मनीने राष्ट्रसंघातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.