एका पुडीतले दोन बंध

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय.

मी अर्धापूरचा. नांदेडहून हिंगोलीकडे निघालात की केळीच्या बागा लागतात ना, तेच गाव. अर्धापुरी नावाचं केळीचं वाणच आहे. बागेत घड हिरवाच कापतात, कारण पिकलेली केळी ट्रकचे धक्के सोसत नाही. मग पिकवायचं काम पुढं, व्यापाऱ्याकडं. लहानपणी अशाच एका गोदामात क्रेटमध्ये कागदाच्या पुड्या ठेवलेल्या पाहिल्या होत्या. लसणासारखा वास यायचा. ते कॅल्शियम कार्बाईड.

पुढं शाळेत पाठ केलं: आयनिक बंधात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण, सहसंयुज बंधात भागीदारी. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण हे दोन्ही बंध त्या पुडीत एकत्र बसलेत, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता जरा मागं जाऊ. १८९२, अमेरिकेतलं स्प्रे नावाचं गाव. थॉमस विल्सन नावाचा माणूस विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होता. त्याला स्वस्तात ॲल्युमिनियम हवं होतं, त्यासाठी आधी कॅल्शियम. हाती आला काळपट दगड. पाण्यात टाकला तर बुडबुडे, आणि तो वायू पेटवला तर काजळी सोडणारी ज्योत! तो वायू ॲसिटिलीन. जर्मनीच्या व्होलरनं ३० वर्षं आधी हेच पाहिलं होतं, पण भट्टीतून ढिगानं दगड निघायला लागला तो आता. सायकलींचे आणि खाणकामगारांचे दिवे त्यावर जळू लागले.

गंमत बघा, हे सगळं चालू असताना इलेक्ट्रॉनचाच पत्ता नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये. रसायनशास्त्रज्ञ दोन अणूंमध्ये रेघ काढायचे खरे, पण ती रेघ म्हणजे नेमकं काय, कुणालाच माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्या भाषेत सांगायचं तर कोड चालत होता, का चालतोय ते ठाऊक नव्हतं.

उत्तर आलं १९१६ मध्ये, आणि एकदम दोन ठिकाणांहून. जर्मनीत कोसेलनं सांगितलं, काही अणू इलेक्ट्रॉन देतात, काही घेतात, आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. कॅलिफोर्नियात गिल्बर्ट लुईस म्हणाला, ती रेघ म्हणजे दोघांनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. ‘कोव्हॅलन्स’ हा शब्द मात्र त्याचा नाही, तो १९१९ मध्ये लँगम्यूरनं आणला. मला विचाराल तर लुईसचं काम जास्त अवघड होतं. विरुद्ध भार ओढतात हे पटतं, पण दोन ऋणभारी इलेक्ट्रॉन मिळून अणूंना बांधतात, हे पचायला वेळ लागतो.

आता पुडी उघडू. कॅल्शियमनं दोन इलेक्ट्रॉन दिलेत, ते घेतलेत कार्बनच्या जोडीनं. कॅल्शियम आणि ही जोडी यांच्यात आयनिक बंध. पण त्या दोन कार्बनमध्ये आपापसात तीन इलेक्ट्रॉन-जोड्यांची भागीदारी आहे, म्हणजे सहसंयुज तिहेरी बंध. गोदामातली दमट हवा लागली की पाणी कॅल्शियमला बाजूला काढतं, कार्बनच्या जोडीला दोन हायड्रोजन देतं. आयनिक पकड सुटते, तिहेरी बंध जसाच्या तसा राहतो आणि वायू होऊन बाहेर पडतो.

हा वायू केळीला फसवतो. केळी स्वतः पिकते ती इथिलीनमुळं, त्यात कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो. फळ हा वायू स्वतःच बनवतं, हे १९३४ मध्ये गेननं सिद्ध केलं. आंब्याच्या आढीत कोंडला जातो तो हाच. ॲसिटिलीन त्याची कच्ची नक्कल, त्यामुळं अनेकदा साल पिवळी आणि आत गर कच्चा. वर औद्योगिक कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. तो लसणाचा वास मुख्यतः त्या भेसळीचा, शुद्ध ॲसिटिलीनचा नाही. म्हणून कार्बाईडनं फळं पिकवायला आपल्याकडं कायद्यानं बंदी आहे, आणि रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू चालतो.

आणि पुडीत शेवटी जी पांढरी भुकटी उरायची ना, ती काय होती? विरलेला चुना. विल्सननं भट्टीत चुनाच घातला होता.