एक विद्यार्थी, तीन कॉलेजं आणि एकच परीक्षा

बी.एस्सी. एका विद्यापीठातून आणि एम.एस्सी. दुसऱ्या विद्यापीठातून केलेल्या कुणापुढेही ‘मायग्रेशन’ हा शब्द नुसता उच्चारून बघा. चेहरा पडतोच. मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केली आणि एम.एस्सी.साठी बाहेर पडले, तेव्हा अभ्यासापेक्षा जास्त धाकधूक मला त्या एका कागदाची होती. मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं होतं, फी भरून झाली होती, पण जुन्या ठिकाणाहून मायग्रेशन यायचं होतं आणि नव्या ठिकाणी एलिजिबिलिटी अडकली होती. दोन महिने मी वर्गात ‘प्रोव्हिजनल’ होते.

तुमच्यापैकी बरेचजण लहान कॉलेजातून मोठ्या संस्थेत जायच्या तयारीत आहात. जॅमचा अभ्यास चाललाय, सेंट्रल युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरताय. म्हणून आज एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. तो १८८२ साली कोल्हापुरात कॉलेजला गेला आणि १८८४ साली मुंबईतून बी.ए. झाला. मधल्या काळात त्याने तीन कॉलेजं केली. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचं पुढचं सगळं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. मला रस आहे तो या तीन वर्षांत.

त्यांचा जन्म १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला होते, ते १८७९ साली वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचं शिक्षण सोडून कागललाच नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचे. उरलेल्या सातांत घर. १८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला आणि त्याला वाटलं, आता आपणही नोकरी धरावी. भाऊ आणि वहिनींनी ऐकलं नाही. कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी आपले दागिने पुढे केले, असं चरित्रांत येतं.

जानेवारी १८८२ मध्ये तो राजाराम कॉलेजात दाखल झाला. तिथून पहिल्या वर्षाची ‘प्रीव्हियस’ परीक्षा देऊन पुण्याला डेक्कन कॉलेजात. एका सत्रानंतर परत कोल्हापूर. शेवटच्या वर्षाला मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज.

आता इथे थांबा. समजा, ही माहिती तुम्हाला नाव न सांगता दिली असती, तर तुम्ही काय निष्कर्ष काढला असता? मी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलंय. बहुतेक म्हणतात, पुण्यात झेपलं नसेल म्हणून परत आला. काहीजण म्हणतात, घरची आठवण आली असेल. नाव सांगितलं की तेच लोक म्हणतात, महत्त्वाकांक्षी होता, म्हणून मुंबई गाठली. म्हणजे दोन्ही वेळा आपण कारण मुलाच्या स्वभावात शोधतो.

खरं कारण कॉलेजात होतं. राजाराम कॉलेज १८८० चं, अगदी नवं. तिथे तेव्हा बी.ए.पर्यंतचे सगळे वर्ग नव्हते. प्रीव्हियस झाली की कोल्हापुरातली शिडी संपायची, पुढची पायरी पुण्यात. गोखले गेले ते म्हणून. मग कोल्हापुरात दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू झाला आणि ते परत आले. शेवटच्या वर्षाची सोय मात्र तिथे नव्हती, म्हणून मुंबई. त्यांचं जाणं-येणं पाहिलं तर कॉलेजला एकेक इयत्ता कशी जोडली गेली, हेच त्यात दिसतं.

आपण प्रयोगशाळेत ज्याला कन्फाउंडिंग म्हणतो ना, तेच हे. नमुना बदलला असं वाटतं, प्रत्यक्षात भट्टीचं तापमान बदललेलं असतं. जुन्या माणसाच्या आयुष्यावर काही लिहायचं असेल, तर चरित्राच्या जोडीला मुंबई विद्यापीठाची त्या-त्या वर्षाची कॅलेंडरं आणि शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल उघडावेत. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे. नियम, अभ्यासक्रम, कॉलेजं, निकाल असं सगळं असलेलं जाडजूड पुस्तक. कंटाळवाणं असतं, पण माणसं का हलली ते बऱ्याचदा तिथेच सापडतं.

बरं, पण तीन वर्षांत तीन कॉलेजं करूनही पदवी वेळेत कशी मिळाली? आज असं केलं तर किमान एक वर्ष गेलंच म्हणून समजा.

१८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं होतं. ते मुख्यतः परीक्षा घ्यायचं, शिकवायचं कॉलेजांनी. मुंबई, पुणे, कोल्हापूर, अहमदाबाद, कराची, सगळीकडची मुलं एकाच विद्यापीठाची. कॉलेजने विद्यार्थ्याच्या टर्म भरल्याचं प्रमाणपत्र द्यायचं आणि विद्यापीठाने पेपर घ्यायचा. ‘टर्म ग्रँट झाली का?’ हा प्रश्न आपण आजही विचारतो, तो त्या काळातलाच. गोखल्यांनी कॉलेज बदललं, पण विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि परीक्षा तीच राहिली.

मला तो काळ सोन्याचा होता असं अजिबात म्हणायचं नाही. घोकंपट्टीला बळ दिलं ते याच पद्धतीने. आणि कागद सोपा होता म्हणून रस्ता सोपा नव्हता. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. गोखले पुण्याला गेले ते त्याच्या आधी.

त्यातही एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती, ती चरित्रांत सहज निसटते. गरीब ब्राह्मण मुलाला परगावी ‘वार लावून’ जेवायची सोय असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गोखले कुठे कसे जेवले हा मुद्दा नाही. मुद्दा हा की त्या समाजात अशी सोय होती. कुणब्याच्या, मुसलमानाच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या मुलाला शहरात खोली कोण देणार आणि पानावर कोण वाढणार? फी माफ झाली तरी तो पहिल्या आठवड्यात परत गावी.

हे ओळखलं शाहू महाराजांनी. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहं का, यावर तेव्हाही वाद होता आणि तो वाद मला गैर वाटत नाही. पण सर्वांसाठीचं वसतिगृह काढून पाहिल्यावर त्यात एकाच वर्गाची मुलं भरली, हा महाराजांचा अनुभव होता. दसरा चौकातून जाताना या इमारती आपण रोज बघतो आणि लग्नाचा हॉल कुठला मोकळा आहे एवढंच डोक्यात असतं. खेड्यातून शहरातल्या कॉलेजात पोचायला पोराला आधी काय लागतं, त्याचं उत्तर त्या भिंतींत आहे.

गंमत म्हणजे याच काळात अमेरिकेत तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटत होता. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावी दोन वर्षांचं कॉलेज निघालं. राहत्या गावी पहिली दोन वर्षं करायची, मग मोठ्या विद्यापीठात जायचं. त्यांनी त्याला ज्युनियर कॉलेज म्हटलं, पण आपल्या अकरावी-बारावीशी घोळ करू नका. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने तर हे धोरण म्हणून लिहूनच काढलं. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी थेट राज्याच्या मुख्य विद्यापीठाला पात्र, आणि बाकीच्यांना सामुदायिक कॉलेजातून दोन वर्षांनी तिथे जायची वाट. आपलं १८८२ चं राजाराम कॉलेज नकळत तेच काम करत होतं. फरक एवढाच की ती वाट कुणी आखलेली नव्हती, नाइलाजाने पडलेली होती.

आपल्याकडे पुढे उलटं घडलं. कॉलेजं वाढली, मग विद्यापीठंही वाढली, वाढायलाच हवी होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं, कोल्हापूर त्याच्याकडे गेलं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. राजाराम कॉलेज कोल्हापुरातच होतं, तरी एका आयुष्यात त्याची तीन विद्यापीठं झाली. गावातल्या मुलांना घराजवळ एम.एस्सी. आणि पीएच.डी. करता येऊ लागली. त्याचा फायदा मी स्वतः घेतेय. पण जी हद्द गोखल्यांना लागलीच नाही, ती मध्ये आली. कोल्हापूरहून पुण्याला जाणं म्हणजे आता विद्यापीठ बदलणं. अभ्यासक्रम वेगळा, पेपर वेगळे, म्हणून समकक्षता तपासा, मायग्रेशन आणा. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलीय, म्हणजे श्रेयांक खात्यात जमा ठेवायचे आणि दुसऱ्या संस्थेत वापरायचे. कल्पना चांगली आहे. पण क्रेडिट खात्यात असणं आणि समोरच्या विभागाने ते मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवून प्रवेश घ्या. आयडी आजच काढून ठेवा.

एल्फिन्स्टनमध्ये गोखल्यांना महिना २० रुपये शिष्यवृत्ती मिळाली. कागलच्या भावाच्या पूर्ण पगारापेक्षा पाच रुपये जास्त. गणित चांगलं होतं, पुढे त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. अठराव्या वर्षी बी.ए. होऊन ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले.

मी एम.एस्सी. करून कोल्हापूरला परत आले, तेव्हा पीएच.डी.च्या फॉर्मला पुन्हा मायग्रेशन जोडावं लागलं. या वेळी अर्ज निकालाच्या दिवशीच टाकला होता. तुम्हीही तसंच करा, आणि मूळ प्रत देण्याआधी तिच्या चार झेरॉक्स काढा.