पोळ्याला येणारा ताप

लखनौतल्या अलीगंजच्या हनुमान मंदिरापाशी ज्येष्ठातल्या ‘बडा मंगल’ला पारा चाळिशी ओलांडतो, मला मात्र मधमाश्यांची काळजी वाटते ती इथल्या जानेवारीच्या धुक्यात. महाबळेश्वरकडे आम्ही देशी सातेरी माश्या पाळायचो. इकडे मोहरीच्या शेतांत पेट्या घेऊन फिरणारे पाळतात ती युरोपीय मेलिफेरा. भारतात तिचा जम बसला तो १९६० च्या दशकात, हिमाचलातल्या नगरोट्यापासून. तिच्या अळ्यांना ३४-३५ अंशांची ऊब लागते. ती उतरली की एक बुरशी त्यांना खडूसारखं पांढरं, टणक करून टाकते.

२००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की ही बुरशी शिरताच, अळ्या मरायच्या आधीच, माश्या पोळ्याचं तापमान वाढवतात. पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून. एकट्या माशीला नव्हे, अख्ख्या वसाहतीला ताप येतो! याहून सुंदर वैद्यक मी पाहिलेलं नाही.

सगळेच रोग असे हटत नाहीत. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. बुरशीपुरतं तरी आपल्या हाती काही आहे: थंडीत रिकाम्या चौकटी काढाव्यात, पेटीत गोणपाट घालावं, ओल साचू देऊ नये.