आभासी नेटवर्क व्यवस्था : विन्यासधोरण

एकाच तंतूवरून, एकाच राउटरमधून अथवा संगणकांच्या एकाच समूहावर परस्परांना अदृश्य अशी अनेक नेटवर्के चालविली जातात, तेव्हा त्यांपैकी कोणी कोणाशी संबंध ठेवावा, किती प्रवाह वाहावा आणि या मांडणीत फेरबदल करण्याचा अखत्यार कोणाकडे असावा, याविषयी आगाऊ ठरविलेल्या व उपकरणांकरवी अमलात आणल्या जाणाऱ्या नियमसंहितेस विन्यासधोरण म्हणतात. अभियंत्यांच्या नित्य व्यवहारात ‘कॉन्फिगरेशन पॉलिसी’ हा शब्द रूढ आहे.

भौतिक नेटवर्कात बदल करावयाचा, तर माणसाला हत्यारे घेऊन जागेवर जावे लागे, आणि त्या यातायातीमुळेच अविचाराला आपोआप काहीसा आळा बसत असे. आभासी नेटवर्कात तोच बदल दूरवर बसून दिलेल्या चार ओळींच्या हुकमाने क्षणार्धात होतो, म्हणून पूर्वी कष्टांनी बजावलेले नियंत्रणाचे काम आता धोरणाला बजावावे लागते. 1998 साली प्रमाणित झालेल्या व्हीलॅन पद्धतीत 4,094 विभाग पाडता येत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीने ही मर्यादा सुमारे 1 कोटी 67 लाखांपर्यंत नेली. एवढ्या पसाऱ्याचा हिशेब कोणा एका जाणकाराच्या स्मरणावर सोपविणे हे धाडसच ठरेल.

हा विषय केवळ महानगरांतील डेटा सेंटरांचा आहे, अशी समजूत आढळते; ती बरोबर नाही. मांजरसुंबा–केज मार्गावरील नेकनूर (तालुका बीड) यासारख्या बाजारपेठेच्या गावाशीही त्याचा निकटचा संबंध येतो. केंद्र शासनाने 2011 साली मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यातील रचनेनुसार, तालुक्याच्या दूरध्वनी केंद्रातील ओएलटी या यंत्रापासून निघालेला ऑप्टिकल फायबरचा एक तंतू प्रकाशविभाजकाद्वारे अनेक ग्रामपंचायतींतील ओएनटी यंत्रांपर्यंत पोहोचतो, आणि त्यावरून वाहणाऱ्या निरनिराळ्या सेवा व्हीलॅनच्या क्रमांकांनी अलग राखता येतात. अशा रचनेत तालुक्याच्या ठिकाणी एक क्रमांक चुकीचा पडला, तर गावात तंतू शाबूत, यंत्रावरचा दिवा हिरवा आणि दाखल्यांचे काम मात्र ठप्प, अशी अवस्था होते. आणि खिडकीपाशी ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला तिचे कारण सांगू शकेल असा माणूस गावात बहुधा नसतो.

तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद प्रमाणित झाल्यावाचून सातबाऱ्यावर नवे नाव चढत नाही; विन्यासधोरणाचे मर्म नेमके हेच आहे. नेटवर्क कसे असावे याची मान्य नोंद एके ठिकाणी ठेवावयाची, प्रत्येक बदलाचा प्रस्ताव, तपासणी आणि मंजुरी त्या नोंदीतून होऊ द्यावयाची, आणि यंत्रांतील प्रत्यक्ष स्थिती नोंदीशी वारंवार ताडून पाहावयाची, असा हा क्रम आहे. अडचणीच्या वेळी कोणी परस्पर यंत्रात शिरून ‘तात्पुरता’ नियम घालतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो; धोरण कागदावर निर्दोष असूनही व्यवस्था बिघडते, ती बहुतेक या वाटेने.

यंत्रांना एकसमान भाषेत आज्ञा देण्यासाठी 2006 साली नेटकॉन्फ हा संकेत आणि 2010 साली यांग ही वर्णनभाषा प्रमाणित झाली. नेटकॉन्फमधील एक सोय दूरस्थ गावांच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे: बदल लागू केल्यावर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे निराळी मुदत दिली नसल्यास 600 सेकंदांत, त्याला पुष्टी मिळाली नाही, तर ही सोय असलेले यंत्र आपणहून पूर्वस्थितीवर येते. चुकीच्या हुकमाने अभियंत्याचा स्वतःचाच मार्ग बंद झाला, तरी दहा मिनिटांनी तो पुन्हा खुला होतो आणि जीप काढून गावी धाव घेण्याचा प्रसंग टळतो. ही सोय उपलब्ध असता ती न वापरणे हा निव्वळ हलगर्जीपणा होय.

तपासणीची यंत्रणा असली म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका हुकमाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कातील सर्व जोडण्या तुटल्या. असे हुकूम अडविण्यासाठीच एक तपासनीस प्रणाली नेमलेली होती, परंतु तिच्यातील दोषामुळे तिने हा हुकूम जाऊ दिला. दूरस्थ प्रवेशही बंद पडल्याने अभियंत्यांना डेटा सेंटरांत प्रत्यक्ष जावे लागले, आणि फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. यावरून, तपासनिसाचीही तपासणी धोरणात अंतर्भूत असली पाहिजे, हे उघड आहे.

भारतात या धोरणाच्या काही भागाला कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटरे, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जतन करावयाच्या असतात, यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवावयाची असतात आणि निर्दिष्ट प्रकारची सायबर सुरक्षाविषयक घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिची वर्दी द्यावयाची असते.