सागरतळातील पूर्वज : विश्वभयकथा आणि कॅथलिक मानवोत्पत्तिविचार

१

माणूस कोणापासून आणि कशापासून जन्माला आला, या प्रश्नाचे उत्तर पाश्चात्त्य परंपरेने दीर्घकाळ मातीत शोधले. उत्पत्तीच्या पुस्तकातील आदाम मातीपासून घडविला जातो. त्याच्या नावातही भूमिवाचक हिब्रू शब्दाचा ध्वनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शोध समुद्राच्या तळाकडे वळला. या वळणाचा एक साहित्यिक परिणाम प्रस्तुत निबंधात तपासावयाचा आहे. एच. पी. लवक्राफ्ट (१८९०–१९३७) या निरीश्वरवादी अमेरिकन लेखकाने सागरतळाच्या भीतीला दिलेले रूप, आणि ऑगस्ट डर्लेथ (१९०९–१९७१) या कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या त्याच्या अनुयायाने व प्रकाशकाने त्या रूपाचा लावलेला अन्वयार्थ, ही येथील मुख्य सामग्री होय.

‘भयकथा’ ही संज्ञा मराठी वाचकाला नारायण धारप यांच्या लेखनामुळे परिचित आहे. लवक्राफ्टच्या कथेतील भय मात्र भुताखेतांचे नाही. या विश्वात मानवाला कोणतेही विशेष स्थान नाही आणि विश्वाला त्याची दखलही नाही, या जाणिवेतून ते उद्भवते. त्याला येथे ‘विश्वभय’ म्हटले आहे.

डर्लेथने लवक्राफ्टच्या निरीश्वर विश्वावर ख्रिस्ती कल्पना लादल्या, असे समीक्षेत सामान्यतः म्हटले जाते. हे मत चुकीचे नाही, अपुरे आहे. डर्लेथने कॅथलिक परंपरेतील कोणता भाग उचलला आणि कोणता सोडला, हे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. त्याने देवदूतांचे पतन घेतले आणि आदामाचे पतन सोडून दिले. लवक्राफ्टशी खरी गाठ मात्र या दुसऱ्याच ठिकाणी पडण्याजोगी होती.

२

बायबलमधील समुद्र भयकारी आहे, पण तो परका नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ईश्वराच्या निर्मितीसाठी राखून ठेवलेले ‘बारा’ हे हिब्रू क्रियापद तीन प्रसंगी येते : आकाश व पृथ्वी यांच्या निर्मितीप्रसंगी, महाकाय जलचरांच्या निर्मितीप्रसंगी आणि मानवाच्या निर्मितीप्रसंगी. सागरातील अजस्र प्राणी आणि माणूस यांना एकाच क्रियापदाने जोडणारी ही रचना अर्थपूर्ण आहे. लिव्याथान कितीही भीषण असला तरी तो निर्माण केलेला आहे. त्याचा आणि माणसाचा निर्माता एकच आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हेच तत्त्व सैतानापर्यंत नेले. सैतान व अन्य दुष्टात्मे स्वभावतः चांगलेच निर्माण झाले, पुढे ते स्वतःच्या कृतीने दुष्ट झाले, असे तिने घोषित केले. या विचारव्यूहात अनिर्मित, स्वयंभू अशा अशुभाला जागाच उरत नाही.

दुसरे तत्त्व मानवापुरते आहे. १५४६ मध्ये त्रेंतच्या परिषदेने मूळ पापाविषयी जो निर्णय दिला, त्यानुसार आदामाचे पाप अनुकरणाने नव्हे, तर वंशप्रसाराने सर्व मानवांत संक्रमित होते. म्हणजे मूळ पाप हा एका अर्थाने वारसा आहे. तो व्यक्तीने स्वतः मिळविलेला नसतो, तरीही तो तिचाच असतो. बाप्तिस्म्याचे जल हा दोष धुऊन काढते. जल आणि वंश ही दोन पदे पुढील विवेचनात निर्णायक ठरतात.

वंश एकच असला पाहिजे, हा आग्रह याच तत्त्वातून येतो. १६५५ मध्ये इझाक ला पेरेर याने आदामापूर्वीही मानव होते असे प्रतिपादन केले. त्या ग्रंथाचा निषेध झाला आणि पुढे लेखकाने माघार घेऊन कॅथलिक पंथ स्वीकारला. त्याची कल्पना मात्र टिकली आणि नंतरच्या शतकांत काही मानवसमूह आदामाचे वंशजच नव्हेत, असे सांगणाऱ्या वर्णवादी युक्तिवादांना उपयोगी पडली. याउलट पोप पॉल तिसरे यांनी १५३७ च्या घोषणापत्रात अमेरिकेतील मूलनिवासी हे खरे मानव आहेत असे ठामपणे सांगितले होते. अर्थात तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर विसरता येत नाही. सर्वांचा पूर्वज एक असे मानणाऱ्या येशूसंघानेच १५९३ मध्ये यहुदी वंशाच्या ख्रिस्ती व्यक्तींना संघप्रवेश नाकारला, आणि हा निर्बंध १९४६ पर्यंत पूर्णपणे उठला नाही. रक्ताचे भय त्या परंपरेच्या आतही होते.

३

१८६८ मध्ये टॉमस हक्स्ले याने उत्तर अटलांटिकच्या तळातून १८५७ साली काढलेल्या गाळाचे नमुने पुन्हा तपासले. त्यांत त्याला एक जेलीसारखा पदार्थ आढळला. तो आद्य जीवद्रव्य असावा असे मानून त्याने त्याला एर्न्स्ट हेकेलच्या नावावरून ‘बॅथीबियस हेकेली’ असे नाव दिले. सागराचा तळ सजीव द्रव्याच्या अखंड थराने आच्छादलेला असावा, अशी कल्पना काही काळ रूढ झाली. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या मोहिमेत (१८७२–७६) हा जीव नसून गाळ टिकविण्यासाठी वापरलेल्या मद्यार्काने तयार झालेला कॅल्शियम सल्फेटचा साका आहे, हे सिद्ध झाले. १८७५ मध्ये हक्स्लेने आपली चूक मान्य केली. विज्ञानाने टाकून दिलेली ही प्रतिमा साहित्याने उचलली. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथच्या ‘उब्बो-साथ्ला’ (१९३३) या कथेत सर्व जीवन एका निराकार आद्य गाळातून निघते आणि शेवटी त्यातच परतते. कथेचा मूळ आधार बॅथीबियस असो वा नसो, ती कल्पना त्याच कुळातली आहे.

चर्चचा प्रतिसाद सावध होता. १९०९ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने मानवाची विशेष निर्मिती व मानववंशाची एकता यांसारख्या बाबींच्या ऐतिहासिक अर्थाविषयी शंका घेऊ नये असे सांगितले. तेयार द शार्दाँ या येशूसंघीय भूशास्त्रज्ञाने मूळ पापावर लिहिलेल्या एका खाजगी टिपणामुळे त्याला १९२० च्या दशकात पॅरिसमधील अध्यापन सोडावे लागले; पुढे चीनमध्ये पेकिंग मानवाच्या संशोधनात त्याचा सहभाग होता. १९५० च्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या परिपत्रकात पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मुभा दिली. आत्मा ईश्वर प्रत्यक्ष निर्माण करतो, ही अट त्यांनी ठेवली, आणि मानवाचे अनेक आदिपूर्वज मानणाऱ्या मताचा मूळ पापाच्या सिद्धांताशी मेळ कसा घालावा हे दिसत नाही, असे म्हटले. देहाविषयी सवलत आणि वंशाविषयी आग्रह, असे या भूमिकेचे स्वरूप आहे.

४

याच दशकांत लवक्राफ्टने आपल्या दोन महत्त्वाच्या कथा लिहिल्या. दोन्ही १९३१ मध्ये लिहिल्या गेल्या आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ मध्ये अंटार्क्टिकावर गेलेल्या संशोधकांना कळते की, ताऱ्यांवरून आलेले आणि प्रथम समुद्रात वसलेले प्राणी या पृथ्वीवरील जीवनाचे जनक आहेत. मानवाचा पूर्वज त्यांच्या प्रयोगांचे एक आनुषंगिक, जवळजवळ विनोदी फलित ठरतो. येथे निर्माता आहे, पण त्याचा हेतू नाही. उत्पत्तीच्या कथेचे हे विडंबन तिच्या सांगाड्याला धक्का न लावता तिचा अर्थ काढून घेते.

‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ ही अधिक अंतर्मुख कथा आहे. एका जीर्ण बंदरगावाचा व्यापारी प्रशांत महासागरातील बेटांवरून सागरतळाच्या जीवांशी करार करून येतो. गावकरी त्या जीवांशी संकर करतात. गावातील जुने पंथ हटवून तेथे दागोनाचा गुप्त पंथ स्थिरावतो. दागोन हे बायबलमधील पलिष्ट्यांच्या देवाचे नाव. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्याची मूर्ती कराराच्या कोशापुढे पडलेली आढळते. लवक्राफ्टने त्या पडलेल्या देवाला समुद्रात पुन्हा उभे केले. निवेदक गावातून निसटतो. परंतु पुढे स्वतःच्या वंशावळीचा शोध घेताना त्याला आपल्याच आजीच्या कुळात तो वारसा सापडतो. त्याचा चेहरा बदलू लागतो. अखेरीस तो भय सोडून सागरात जाण्याची सिद्धता करतो.

त्रेंतच्या निर्णयासमोर ही कथा ठेवली की साम्य आणि विरोध दोन्ही उठून दिसतात. दोन्हीकडे दोष वंशप्रसाराने येतो आणि व्यक्तीच्या इच्छेआधीच तिला गाठतो. दोन्हीकडे जल निर्णायक आहे. मात्र बाप्तिस्म्याच्या जलात वारसा धुतला जातो, तर इन्समथच्या जलात तो पूर्णत्वाला जातो. ख्रिस्ती कथेत अनंत जीवन कृपेने मिळते. येथे ते केवळ रक्ताने मिळते. पाप नाही, म्हणून क्षमाही नाही. त्याचबरोबर या भयाचे सामाजिक मूळ झाकता येणार नाही. लवक्राफ्टचा वर्णद्वेष त्याच्या पत्रव्यवहारात उघड आहे, आणि परक्या रक्ताच्या मिश्रणाची त्याची किळस या कथेच्या शब्दाशब्दांत उतरली आहे. शेवटच्या वळणावर ती किळस लेखकाच्या हातून निसटते, कारण परका म्हणून ज्याची घृणा केली तो निवेदकाचा पूर्वजच निघतो.

५

डर्लेथ आणि लवक्राफ्ट यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. त्यांचा संबंध १९२६ पासूनच्या पत्रव्यवहाराचा. लवक्राफ्टच्या मृत्यूनंतर डर्लेथने डोनाल्ड वॉन्ड्री याच्यासह १९३९ मध्ये ‘अर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. ती निघाली नसती तर लवक्राफ्टचे लेखन स्वस्त मासिकांच्या पानांत विरून जाण्याचा धोका होता. हे ऋण मान्य करूनच पुढील टीका करावी लागते. विस्कॉन्सिनमधील सॉक सिटीच्या या लेखकाने एका कॅथलिक बालग्रंथमालेसाठी संत इग्नेशियसचे चरित्रही लिहिले (१९५६).

डर्लेथच्या मांडणीत लवक्राफ्टचे उदासीन, नीतिबाह्य जीव दुष्ट बंडखोर ठरतात. त्यांनी कल्याणकारी ‘ज्येष्ठ देवां’विरुद्ध उठाव केला, ते पराभूत झाले आणि बंदिवासात पडले. सैतानाच्या हकालपट्टीशी असलेले साम्य त्याने स्वतःच निदर्शनास आणले. त्या जीवांची चार महाभूतांत विभागणी करताना त्याने थुलूला जलतत्त्व मानले. परंतु जलाचा अधिपती जलाखालीच कैद कसा, हा समीक्षकांचा आक्षेप अनुत्तरितच राहिला. ‘द ट्रेल ऑफ क्थुलू’ (१९६२) या मालिकेच्या अखेरीस त्याच्यावर अणुबाँब टाकला जातो. विश्वभयाचे असे युद्धकथेत रूपांतर होते. शेवटच्या कथेचा निवेदक आपल्या इन्समथी वंशापर्यंत पोहोचतो खरा, पण हा शोध युद्धाच्या धामधुमीत गौण ठरतो.

रिचर्ड टियर्नी याने १९७२ मध्ये या मांडणीला ‘डर्लेथची पुराणकथा’ म्हणून लवक्राफ्टपासून वेगळे केले. हा भेद पुढे सर्वाधिक सातत्याने मांडणारे समीक्षक एस. टी. जोशी होत. १९५८ साली पुण्यात जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत गेलेल्या जोशींनी लवक्राफ्टच्या शुद्ध संहिता सिद्ध केल्या आणि १९९६ मध्ये त्याचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. जोशी स्वतः निरीश्वरवादी आहेत; लवक्राफ्टच्या भौतिकवादाला त्यांनी न्याय दिला. परंतु त्यांच्या टीकेत डर्लेथची ख्रिस्ती दृष्टी एकसंध गृहीत धरली जाते. ती तशी नाही.

६

हे दाखविण्यासाठी मराठीतीलच एक साक्ष उपयोगी पडते. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील पहिल्या पुराणात लुसिफेराचे पतन आणि आदाम-एवेचे पतन ही दोन्ही आख्याने ओवीबद्ध रूपात येतात. पहिले आख्यान दुसऱ्याची प्रस्तावना आहे. पुराणाचा भार माणसाच्या पतनावर आणि तारणाऱ्याच्या प्रतीक्षेवर आहे. स्टीफन्स स्वतः १५७९ मध्ये आफ्रिकेला वळसा घालून गोव्यास आले. पित्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या प्रवासातील संकटे आणि नवलाईचे जलचर वर्णिले आहेत. त्यांच्यासाठी समुद्र भयाचा आणि विस्मयाचा विषय होता. पूर्वजाचे स्थान तो नव्हता.

डर्लेथने ही प्रस्तावनाच तेवढी उचलली. आदामाविना उरलेले देवदूतांचे पतन म्हणजे केवळ वैश्विक राजकारण. त्यात माणूस प्रेक्षक किंवा सैनिक असतो, वारस नसतो. उलट निरीश्वर लवक्राफ्टने, कृपा आणि जबाबदारी वगळून का होईना, वारशाचा प्रश्न पूर्ण तीव्रतेने विचारला. म्हणून मूळ पापाच्या सिद्धांताशी नकळत संवाद साधणारी कथा कॅथलिक डर्लेथची नसून इन्समथची आहे. तौलनिक अभ्यासात प्रभाव शोधताना लेखकाच्या घोषित श्रद्धेवर विसंबून राहण्यातील धोका येथे स्पष्ट होतो. श्रद्धेतून प्रतिमा येतात. पण प्रश्न अनेकदा विरोधकाच्या घरी सुरक्षित राहतो. आपला पूर्वज कोण आणि त्याच्या कृत्याचे आपण काय देणे लागतो, हा तो प्रश्न आहे. रक्ताच्या शुद्धतेवर समाज उभे करणाऱ्या कोणत्याही संस्कृतीला तो टाळता येत नाही.